जाळीखालची खिचडी

माझ्या जिभेच्या डाव्या कडेला मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी खुपत होतं आणि मी त्याचा सगळा दोष दाढेवर ढकलला होता. दाढ टोकदार झाली असेल, घासत असेल, असं स्वतःला समजावत मी तीन महिने काढले. खरं कारण काय असू शकतं याचा मला अंदाज होता. ते माझ्याच पिशवीत, एका पत्र्याच्या डबीत होतं.

आमचं गाव भंडाऱ्याकडच्या शहापूरपासून सायकलच्या अंतरावर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौदा वर्षांपासून मुलांचा पोषण आहार शिजवते. मी आणि शेवंता, अशा दोघी. शेवंता बौद्ध, मी ख्रिस्ती. रविवारी ती विहारात, मी चर्चमध्ये, आणि सोमवारी सकाळी दोघी एकाच गंजासमोर. एकशे बारा मुलांची खिचडी मावेल एवढं मोठं पातेलं म्हणजे तो गंज. दोघी धरल्याशिवाय हलत नाही.

शाळेचा नियम असा आहे की मुलांना वाढण्याआधी स्वयंपाक करणारीनं चाखायचं, मग शिक्षकानं चाखायचं आणि मग वहीत तसं लिहायचं. या चाखण्यावर माझा फार जीव. पळीभर खिचडी फुंकून जिभेवर घेतली की मीठ किती, हळद कच्ची आहे का, डाळ जुन्या पोत्यातली आहे का, सगळं कळायचं. शेवंताला यातलं काही जमत नाही असं मी चारचौघांत म्हणायचे. अभिमान होता मला, उगाच खोटं कशाला बोलू?

आणि त्याच जिभेला मी रोज दोनदा गुडाखू चोळत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू आणि गुळाची ती काळी मऊ पेस्ट असते. आमच्याकडच्या कितीतरी बाया दात घासायच्या निमित्तानं लावतात आणि मग सुटत नाही. मी चर्चच्या महिला मंडळात पुढच्या बाकावर बसायचे आणि डबी पिशवीत, गीतांच्या वहीखाली ठेवायचे.

निदानाचा दिवस

शेवटी नागपूरच्या दवाखान्यात दाखवलं, तिथे जिभेचा तुकडा काढून तपासायला दिला होता. रिपोर्ट घ्यायला मी आणि आमचे हे गेलो. यांचं नाव शमुवेल, पण हायवेवरच्या त्यांच्या पंक्चरच्या दुकानात सगळे त्यांना शामराव म्हणतात. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद वाचला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की जिभेचा कॅन्सर आहे, लवकर सापडला आहे, ऑपरेशन करू, मग रेडिएशन.

मी विचारलं, "चव राहील का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, लोक विचारतात जीव राहील का."

"तो तर देवाच्या हाती आहे. चवीचं तुम्ही सांगा."

ते म्हणाले, रेडिएशनमध्ये चव जाते. बहुतेकांची परत येते, काहींची पूर्ण येत नाही, केव्हा येईल ते सांगता येत नाही. मला वाटलं, जीव राहिला आणि चव गेली तर मी शाळेत कोणत्या तोंडानं उभी राहू? मला दुसरं काही येत नाही. सातवी शिकलेली बाई मी. एक गोष्ट धड जमत होती, तीच जाणार होती.

बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. वाटेतलं मौदा गाव मागे गेलं तेव्हा म्हणाले, "मले माहीत होतं तू गुडाखू लावते म्हणून. मी बोललो नाई. तुले राग येते म्हणून बोललो नाई." आणि भर बसमध्ये रडायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाताला टायरच्या काळ्याचा वास येत होता. तो हात मी घर येईपर्यंत सोडला नाही.

मुलीला, रूथला, संध्याकाळी सांगितलं. ती भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकते. तिनं माझी पिशवी उपडी केली, डबी काढली आणि म्हणाली, "पुढच्या बाकावर बसून देवाले फसवत होती का व माय?" मग डबी घेऊन मागच्या उकिरड्यावर फेकून आली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तुमच्या तोंडात असं काही पंधरा दिवसांच्या वर राहिलं तर दाढेला दोष देऊ नका. दाखवा. एवढं जरी कोणी ऐकलं तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही.

जाळी

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. जिभेचा थोडा भाग गेला, मानेला टाके आले, आणि महिनाभर मी बोलले की लोक "काय?" असं विचारायचे. घरी माणसं भेटायला यायची. कोणी म्हणायचं, देव परीक्षा घेतो. कोणी म्हणायचं, यातून तुझी साक्ष उभी राहील. मला त्यांचा राग यायचा. महिला मंडळात दर महिन्याला बाया साक्ष देतात, देवानं माझ्या आयुष्यात अमुक केलं, तमुक केलं. चौदा वर्षांत मी एकदाही उभी राहिले नव्हते. काय सांगणार? मी भात शिजवते. रविवार देवाचा आणि बाकीचे सहा दिवस गंजाचे, असाच माझा हिशेब होता.

मग रेडिएशन सुरू झालं. आम्ही पेशंट लोक त्याला नुसतं "लाईट" म्हणायचो. आठवड्याचे पाच दिवस, साडेसहा आठवडे, सकाळच्या एसटीनं नागपूर आणि दुपारी परत. पहिल्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ केली आणि माझ्या चेहऱ्यावर ओढून बसवली. थंड झाली की ती तुमच्या चेहऱ्याच्या आकाराची कडक होते. नंतर रोज तीच जाळी चेहऱ्यावर ठेवून टेबलाला खटके मारून बंद करतात. डोकं तसूभर हलत नाही. मग सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि तुम्ही आणि मशीन.

पहिल्या दिवशी मी घाबरून हात वर केला. हात वर केला की थांबवतात, हे आधीच विचारून ठेवा. तिथली मुलगी धावत आली, जाळी काढली, माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "काकू, मनात काहीतरी म्हणत राहा. बारा मिनिटं लागतात फक्त."

मी ठरवलं, प्रभूची प्रार्थना म्हणायची. लहानपणापासून पाठ, झोपेतही येते. पुन्हा जाळी लागली, दार बंद झालं, मशीन गुरगुरायला लागलं. मी सुरू केली आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीपाशी अडकले. पुढची ओळच सापडेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा भाकरीपाशी अडकले. आणि भाकरीवरून माझं मन कुठे गेलं असेल? शाळेच्या स्वयंपाकघरात.

मी तांदूळ पाखडले. खडे काढले. तीन पाण्यानं धुतले आणि डाळ निवडून त्यात टाकली. शेवंतानं गॅस पेटवला. तेल तापलं, मोहरी तडतडली, कांदा लाल झाला, हळद पडली. पाणी ओतलं तेव्हा नेहमीसारखी वाफ तोंडावर आली. झाकण ठेवलं. मुलं ताटं घेऊन ओळीत बसली आणि मी वाढायला लागले. शेवटच्या ताटात पळी रिकामी केली आणि मशीन थांबलं.

बाहेर येऊन मी यांना म्हटलं, "झालं." देवाचं नाव घ्यायचं सोडून खिचडी शिजवत बसले, हे मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रार्थना भाकरीपाशी यायची आणि मी गंजापाशी. हळूहळू मला ताटांमागचे चेहरे दिसायला लागले. आचलला वाटाणे नको असतात, ती ते कडेला लावते. दुसरीतला एक मुलगा भाऊ घरी आहे म्हणून अर्धं डब्यात नेतो आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करते. चौदा वर्षं मी हे सगळं पाहिलं होतं, पण घाईत पाहिलं होतं. आता बारा मिनिटं मला कुठे जायचं नव्हतं. एकेकाला नीट बघून वाढत होते.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, ताटं वाढताना, मला जाणवलं की त्या स्वयंपाकघरात मी एकटी नाही. शेवंताबद्दल बोलत नाही मी. मला उजेड दिसला नाही, आवाज आला नाही, तसलं काही सांगत नाही. फक्त एवढं कळलं की मी ज्या ताटात वाढते आहे त्याच्याकडे माझ्याआधीच कोणीतरी बघत आहे. आचल वाटाणे कडेला लावते हे त्याला माहीत आहे. मी चौदा वर्षं रविवारी ज्याला शोधायला चर्चमध्ये जायचे, तो सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या वाफेत उभा होता आणि मी त्याला बाजूला हो म्हणून पळी फिरवत होते. जाळीखाली रडता येत नाही, नाक चोंदतं. तरी मी रडले. हलायची सोय नव्हती.

पाळकसाहेब

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हातारे आहेत. गुरुवारी भेटायला आले. मी चहा पिऊ शकत नव्हते, तोंडात फोड आले होते. मी त्यांना कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. म्हटलं, "साहेब, माझ्याकडून प्रार्थना होत नाही. पंधरा दिवस झाले. नुसती खिचडी शिजवते."

मला वाटलं आता बायबलमधलं वचन सांगतील. त्यांनी विचारलं, "किती लेकरं होती?"

"एकशे बारा."

"सगळ्यायले पुरलं?"

"पुरलं."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चाळीस वर्षं झाली मले प्रार्थना करून अन् शिकवून. त्या मशीनखाली मी असतो त मले कोण आठवलं असतं, माहीत नाई बाई. बहुतेक मीच आठवलो असतो." त्यांचे डोळे भरले होते. "तू शिजवत राह्य. मी कोणाले सांगणार नाई."

त्या रात्री फोडांच्या दुखण्यातही मी शांत झोपले.

चव

चव तिसऱ्या आठवड्यात गेली. एका सकाळी दूध प्यायले आणि ते कोमट ओल्या कागदासारखं लागलं. मग सगळंच तसं. रूथ बिचारी कॉलेज सांभाळून स्वयंपाक करायची आणि मी तिला म्हणायचे, "यात काय टाकलं?" ती म्हणायची, "सगळंच टाकलं माय." एकदा मी ताट सरकवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. कॅन्सर एकट्याला होतो, पण त्याचा जाच घरातल्या सगळ्यांना होतो.

शेवंता रोज संध्याकाळी भाताची पेज किटलीत घेऊन यायची. शाळेचं सगळं काम ती एकटीनं ओढत होती, दुसरी बाई ठेवू दिली नव्हती. म्हणायची, "ठेवली त थे कायमची बसन. तुही जागा तुहीच." मला पेजेची चव नव्हती, पण ती गळ्यातून गरम उतरायची तेवढं कळायचं. ती समोर बसून किटली रिकामी होईपर्यंत उठायची नाही.

जून संपता संपता शाळा उघडली आणि मी गेले. चव आली नव्हती. मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी विचारलं, "बरी हाय ना?" मी म्हटलं, "बरी हाय." चव नाही म्हटलं तर घरी पाठवतील, ही भीती.

त्या दिवशी मी खिचडीत मीठ टाकलं, हाताच्या अंदाजानं, अगदी बरोबर. पण शेवंतानं सहा महिने एकटीनं केलं होतं. तिनंही सवयीनं टाकलं. मी पळीभर घेऊन फुंकलं, जिभेवर ठेवलं, काहीच कळलं नाही, तरी मान डोलावली. मुख्याध्यापक सर बैठकीला गेले होते. नवीन आलेल्या शिक्षिका बाई म्हणाल्या, "काकूंनी चाखलंय ना? मग झालं." मी वहीत लिहिलं, चव चांगली.

मुलं जेवत होती. नेहमीपेक्षा शांत. मी पाहिलं, नळावर ओळ लागली होती. मुलं घास खायची, उठायची, पाणी प्यायची, येऊन पुन्हा घास खायची. मी आचलला विचारलं, "काय व, एवढी तहान काहून लागली?"

ती शेजारच्या मुलीकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी, खारट हाय. पण बाईनं सांगितलं होतं, मावशी दवाखान्यातून आली, तिले तरास द्याचा नाई."

एकशे बारा मुलं माझ्यासाठी खारट खिचडी खात होती. मी तिथेच, ओळीच्या मधोमध, खाली बसले. जाळीखाली ज्यांना मी रोज वाढलं होतं ती मुलं आता मला सांभाळत होती आणि मी त्यांच्या पुढ्यात खोटं लिहून ठेवलं होतं.

शेवंता आली, बोटावर घेऊन चाखलं आणि थुंकलं. "अवं, दोघीनंबी टाकलं!" मी तिला तिथेच सांगितलं, मला काही कळत नाही, फेब्रुवारीपासून काहीच कळत नाही. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मंग सांगाचं ना व. माही जीभ काय फक्त भांडाले हाय का?"

आम्ही उरलेल्या खिचडीत साधा भात शिजवून मिसळला आणि पुन्हा वाढला. संध्याकाळी मी सरांकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांनी वहीतलं पान उघडून मला दिलं आणि मी माझं लिहिलेलं खोडलं. ते म्हणाले, "काकू, शिजवणं तुमचं, चाखणं शेवंताबाईचं. बाकी मला काही माहीत नाही."

तेव्हापासून तसंच. मी कानानं शिजवते, मोहरी किती तडतडली ते ऐकते. वाफेनं, रंगानं, पळीला लागणाऱ्या जडपणानं शिजवते. शेवंता चाखते आणि सांगते. चारचौघांत जिला मी नावं ठेवायचे तिच्या जिभेवर आता एकशे बारा मुलांचं जेवण चालतं. पूर्वी पहिला घास मला मिळायचा, त्या सुखासाठी मी शिजवायचे, हे मला आता कळलं. आता मला काहीच मिळत नव्हतं, आणि तरी गंजाचं झाकण उघडलं की माझे हात जोडले जायचे. देवळात जाताना लोक चप्पल काढतात ना, तसं मी दारात चप्पल काढायला लागले. शेवंता म्हणायची, "फरशी गार हाय, सर्दी होईन." मी ऐकत नव्हते.

नोव्हेंबर

धानाची कापणी सुरू झाली होती, शाळेत मुलं कमी होती. शेवंता बाहेर नळावर भांडी घासत होती. मी वाटाणे सोलता सोलता कानानं लक्ष ठेवून होते, पण शेजारच्या शेतात मळणीचं यंत्र सुरू झालं आणि त्या घरघरीत मला गंज ऐकूच आला नाही. झाकण उघडलं, सराटा, म्हणजे मोठं उलथणं, बुडापर्यंत घातला, तो खरखरला. जुन्या सवयीनं मी पळीभर वर काढलं, फुंकलं आणि तोंडात घातलं.

जिभेच्या उजव्या कडेला काहीतरी झालं. मी तशीच उभी राहिले. आधी वाटलं, औषधाच्या गोळीची चव असेल. पण गोळी मी सकाळपासून घेतली नव्हती. मी आणखी थोडं घेतलं, बुडाशी लागलेलं, काळं. कडू. चांगलं कडू, घशापर्यंत.

"करपली!" मी ओरडले. "शेवंता, करपली व, करपली!"

ती ओल्या हातानं धावत आली. "थे त मले वासानंच समजलं. बोंबलून कायले राहिली?" आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते आणि रडत होते, तोंडाला काळं लागलं होतं. तिनं माझ्या हातातली पळी घेतली, चाखली, मला पुन्हा दिली. "सांग, कसं लागते?"

"कडू."

"होय," ती म्हणाली, "कडूच हाय." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून हमसून रडली.

मी तिथेच, गंजासमोर, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली. चौदा वर्षांत त्या खोलीत मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. या वेळी भाकरीपाशी अडकले नाही, शेवटपर्यंत गेले. जिभेवर कडू चव पसरत होती आणि मला वाटत होतं, एवढा मोठा देव, एवढ्याशा करपलेल्या शितात कसा मावला?

शेवंता नाक पुसून म्हणाली, "झालं का व तुहं? चाल, वरची वरची काढू. लेकरं ताटं घेऊन उभी हायेत."

आम्ही दोघींनी गंज धरला आणि वाढायला गेलो.